झऱ्याचा घसा

"हे पाणी येतं कुठून?"

बाईंनी विचारलं आणि झऱ्यावर जमलेली चाळीस-पन्नास माणसं एकदम गप्प झाली. हंडे भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. आमचे सरपंच बापू मांजरेकर, ज्यांना गप्प बसा म्हटलं तरी जमत नाही, ते फणसाच्या झाडावर काहीतरी शोधायला लागले.

बाई म्हणजे अनघा नारकर. त्या साली विधानसभेला उभ्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, पायात शाळेतली मुलं घालतात तसले कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी आणि हातात जाड पुठ्ठ्याची वही. मत मागायला आलेला माणूस हात जोडतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, पोरांचे गाल ओढतो. या बाईंनी आल्या आल्या झऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि नेमका हाच प्रश्न विचारला.

आमच्या नवलकोंडात तुम्ही काहीही विचारा. मुलीचं लग्न का मोडलं विचारा, सुनेचं नि सासूचं का पटत नाही विचारा, लोक चहा पाजून सांगतील. हे मात्र विचारायचं नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, ही इतर गावांत नुसती म्हण असेल. आमच्याकडे ती पाळतात.

"राईतून येतं," एक म्हातारी म्हणाली. "नवलाईच्या राईतून. देवीचं पाणी हाय ता."

"राईत नेमकं कुठून, आजी?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मी रत्नू गुरव, नवलाईच्या देवळाचा पुजारी. झरा देवळाच्या मागे, म्हणजे माझ्याच अंगणात म्हणा ना.

"देवीला ठाऊक," मी म्हणालो.

"देवीचं मत नाही हो यादीत, काका," बाई हसून म्हणाल्या. "तुमचं आहे. म्हणून तुम्हाला विचारते."

लोक हसले. मला हसू आलं नाही. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाला आमच्या पाण्याचं मूळ कशाला हवंय? कुठेतरी पाणी मुरतंय, असं तेव्हाच माझ्या मनाने घेतलं.

माझा स्वभावच तसा, नाकारत नाही. सख्ख्या भावाने चहा दिला तरी आज साखर जास्त का घातली याचा मी विचार करणार. पण हा संशय नुसता स्वभावाचा नव्हता. आमच्या गावाला पाणी एकच, हा झरा. विहीर खणावी तर कातळ लागतो, बोअर मारावी तर धूळ येते. एकशे चाळीस घरं, गुरंढोरं, वायंगणाची म्हणजे उन्हाळी भाताची शेती, सगळं त्या एका दंडाएवढ्या धारेवर. पलीकडच्या खोंडवाडीतही असाच झरा होता. एक गोड बोलणारा पाहुणा आला, संशोधन करतोय म्हणाला, पाण्याचं मूळ विचारून गेला. दोन वर्षांत त्या मुळावर त्याचा बंगला, बोअर आणि पोहायचा हौद. खोंडवाडीच्या बायका तेव्हापासून दोन डोंगर उतरून पाणी आणतात. दुधाने तोंड पोळलेलं शेजाऱ्याचं असलं तरी ताक आपणही फुंकून प्यावं.

सभा देवळाच्या मंडपात झाली. बाईंनी पुस्तिका वाटली. वर एक सूर्य, खाली एक थेंब, आणि नाव 'उजेड आणि ओल'. नाव वाचूनच मला शंका आली. इतकं गोड नाव सरळ कामाला कोण देतं?

"तुमच्या डोक्यावर एवढा मोठा सडा आहे, नुसतं उघड्या कातळाचं पठार," बाई बोलायला लागल्या. "आठ महिने उन्हात नुसता तापतो. त्यावर सौर प्लेटा बसवायच्या. मालकी गावाची. वीज आधी गावाच्या पंपाला, गिरणीला, शाळेला, काजूच्या कारखान्याला, आणि उरलेली बाहेर. पण त्याआधी एक काम. झऱ्याचं पाणी जिथून जमिनीत शिरतं ती जागा शोधायची. तिच्याभोवती दोनशे पावलं खोदाई नाही, भराव नाही, एक खांबसुद्धा नाही. ठराव ग्रामसभेचा. आधी ओल, मग उजेड. या मतदारसंघात एकशे सात झरे आहेत. एकशे सहा माझ्या वहीत आले. तुमचा राहिलाय."

मी उठून उभा राहिलो. "मग नाव उलटं का?"

"म्हणजे?"

"तोंडाने आधी ओल म्हणता. पुस्तकावर आधी उजेड छापलाय."

मंडप हसला. बापू मांजरेकरांनी मला खाली बसायची खूण केली. बाईंनी पुस्तिका उलटीपालटी करून पाहिली. "खरंच की," त्या म्हणाल्या. "सहा महिने हे घेऊन फिरतेय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही." त्यांनी पेन काढलं आणि आपल्या हातातल्या पुस्तिकेवर नाव खोडून सुधारलं.

आता यावर दुसरा कुणी खूश झाला असता. चूक झटकन कबूल करणारा पुढारी मी जन्मात पाहिला नव्हता. मी मनात म्हटलं, रत्नू, सांभाळ. ही बाई पोचलेली दिसते.

पाण्याचं मूळ कुठे आहे हे खरं म्हणजे गावालाही ठाऊक नाही. गाव समजतं, राईत आहे. राईच्या मधोमध किंजळाच्या जुन्या झाडाखाली एक डबकं आहे, त्यालाच सगळे हात जोडतात. हे आम्हा गुरवांनीच पिढ्यानपिढ्या सांगत आणलेलं. त्यामुळे राईला कुणी कोयता लावत नाही आणि खरी जागा कुणी शोधत नाही.

खरी जागा सड्यावर. राईपासून चांगली अर्ध्या मैलावर, कातळ जिथे खोलगट होतो तिथे माणूस आडवा मावेल एवढी भेग आहे आणि तिच्या पोटात मांडीएवढं भोक. पावसात सड्यावरचं पाणी चारी बाजूंनी तिथे येतं आणि गरगरत आत जातं. आम्ही त्याला घसा म्हणतो. मिरगाच्या आधीच्या अमावस्येला गुरवाने सकाळी एकट्याने जायचं, वर्षभराचा पाला आणि माती हातांनी उपसून घसा मोकळा करायचा, मूठभर तांदूळ वाहायचे आणि मागे न बघता उतरायचं. बापाने मला हे दाखवलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो.

"बाबा, कशावरून इथलंच पाणी खाली जातं?" मी विचारलं होतं.

बाबा रागावले नाहीत. आषाढात त्यांनी टोपलीभर भाताची तुसं माझ्या डोक्यावर दिली आणि घशात ओतायला लावली. तिसऱ्या दिवशी झऱ्यावर बायकांची कुरकुर चाललेली, हंड्यात तुसं कुठून येतात म्हणून. "पटलं?" बाबा म्हणाले. "आता हे तू तुझ्या वारसाला दाखवायचं. परक्याला दाखवलंस तर गावाचा गळा त्याच्या हातात दिलास."

सभेनंतरच्या आठवड्यात माझ्या संशयाला रोज नवं खाद्य मिळत गेलं. बाईंच्या जीपच्या मागच्या काचेवर बोअर मारणाऱ्यांची जाहिरात चिकटवलेली मी स्वतः वाचली. सड्यावर दोन माणसं तीन पायांची दुर्बीण लावून मोजणी करताना दिसली. आणि पुस्तिकेत आठव्या पानावर आमच्या झऱ्याचा फोटो होता, बाई गावात पाऊल ठेवायच्या आधीच छापलेला.

"बघ," मी शेवंतीला म्हणालो. शेवंती माझी बायको. ती काजू सोलत बसली होती. "फोटो आधी, माणूस मागून."

"आपल्या जत्रेला कितीतरी लोक फोटो काढतात. कुणीतरी दिला असेल."

"आणि ती जीप?"

"भाड्याची आहे हो. माझ्या भाच्याच्या लग्नाला तीच आलेली."

"तेच म्हणतोय मी! लग्नाला चालते, बोअरला चालते, निवडणुकीला चालते. मालक कोण तिचा?"

शेवंतीने काजूची टरफलं माझ्या पायाशी झटकली. "तुम्ही ना, देवळातल्या उंदराला पण विचाराल, मेल्या तुला पाठवलंय कुणी."

तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून सड्यावर चढलोच. आणि वर जाऊन बघतो तर काय! बाई एकट्या. ना कार्यकर्ता, ना माइक. बूट बाजूला काढून ठेवलेले, आणि त्या कातळावर पालथ्या पडलेल्या, कान जमिनीला लावलेला. घशापासून पन्नास पावलांवर. 

"काय हरवलंय का, बाई?"

त्या दचकून उठल्या. गालाला तांबडी धूळ लागलेली. "ऐकत होते."

"कातळ बोलतो वाटतं तुमच्याशी?"

"आमच्या गावचा बोलायचा," त्या म्हणाल्या. "श्रावणात कान लावला की खालून पाणी ऐकू यायचं, खळखळ. मी सातवीत होते तेव्हा वर चिऱ्याची खाण निघाली. दोन वर्षांत आवाज बंद, झरा बंद. आई शिकवणीच्या वेळेला मला पाण्याला पाठवायची, एवढंच आठवतं त्या वर्षांचं."

"खाणवाला भामटा असेल."

"नव्हता हो. तेच तर आहे ना. साधा माणूस होता. त्याने गावात विचारलं होतं, इथे खणू ना, कुणाचं काही आहे का म्हणून. ज्यांना ठाऊक होतं ते गप्प बसले. परक्याला कशाला सांगायचं म्हणून."

गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, गोष्ट काय बेतून आणलीय बाईने! माझ्या मापाची.

"गुरवकाका," त्या बूट हातात घेत म्हणाल्या, "नकाशा परवा पक्का होतोय. मला वाटतं, तुमचं मूळ इथेच कुठेतरी असावं. कातळाचा उतार इकडे आहे. पण नुसत्या वाटण्यावर मी रेघ मारणार नाही. चुकीच्या जागी रेघ मारली तर खऱ्या जागेवर सिमेंट पडेल. तुम्ही दाखवाल तिथेच मारीन."

आमच्यात आणि घशात पन्नास पावलं. त्यांनी मान वळवली असती तर भेग दिसली असती. मी झटकन त्यांच्या आणि घशाच्या मधे जाऊन उभा राहिलो.

"चला," मी म्हणालो. "दाखवतो."

आणि त्यांना राईत घेऊन गेलो.

किंजळाखालच्या डबक्यापाशी मी चपला काढल्या. बाई अनवाणीच होत्या. गुरवाच्या कंबरेच्या पिशवीत चार अक्षता असतातच. मी डोळे मिटले, पुटपुटलो, गुडघे टेकले आणि अक्षता त्या डबक्यात सोडल्या. घशावर करतो तसं सगळं यथासांग केलं. देवीच्या राईत खोटं बोलताना जीभ अडखळेल असं वाटलं होतं. कसली अडखळते!

"हेच?" बाईंनी हळूच विचारलं.

"हेच. इथून पाणी आत जातं, देवीच्या पायाखालून झऱ्याला निघतं. बापाने मला दाखवलं, आज मी तुम्हाला दाखवतोय. घरच्यांशिवाय कुणाला दाखवलेलं नाही."

"नक्की ना, काका?"

"अहो, तांदूळ वाहिले ना तुमच्यासमोर?"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वाकून डबक्यातलं पाणी डोळ्यांना लावलं आणि वही उघडली. "कुणी दाखवलं ते मी लिहून ठेवते. तुमचं नाव लिहू?"

"लिहा की."

त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. 'नवलकोंड. राईतलं कुंड. रत्नाकर गुरव यांनी विश्वासाने दाखवलं.' विश्वासाने हा शब्द त्यांचा.

मी घरी आलो तो मिशीला पीळ देतच. शेवंतीला सगळं सांगितलं, अक्षतांसकट. म्हटलं, घाल म्हणावं आता बोअर त्या डबक्यात, बेडूक निघतील.

शेवंती हसली नाही. "आणि ती खरी निघाली तर?"

"पुढारी खरा निघालेला ऐकलायस कधी?"

"तुम्ही कुणाला निघू द्याल तेव्हा ना," ती म्हणाली आणि आत गेली.

अनघा नारकर निवडून आल्या. मी त्यांना मत दिलं नाही. पण मग जे सुरू झालं त्याने माझी झोप उडाली. बाईंनी पुस्तिकेत लिहिलेलं एकेक करायला घेतलं! मी वाट बघत होतो, कधी बोअरची गाडी येते, कधी बाटल्यांचा कारखाना येतो, कधी सड्याच्या सातबाऱ्यावर त्यांच्या भावाचं नाव चढतं. मी तलाठ्याकडे तीन वेळा जाऊन उतारा बघून आलो. तिन्ही वेळा गावाचं नाव. चौथ्यांदा गेलो तेव्हा तलाठी म्हणाला, "गुरव, तुमचंच लावू का एकदा?"

पुढच्या वर्षी माघात ग्रामसभा बोलावली. देवळाच्या भिंतीवर नकाशा लावला होता. राईभोवती हिरवं गोल वर्तुळ, दोनशे पावलांचं. बाकी सडाभर प्लेटांच्या निळ्या रांगा. आणि कुणी ओढून न्यावी तशी माझी नजर एका काळ्या चौकोनावर गेली.

"ते काय?" मी शेजाऱ्याला विचारलं.

"यंत्रांची खोली. तिथे कातळ खोलगट आहे ना, भराव घालून सपाट करायला सोपं, म्हणून."

खोलगट म्हणजे घसा. बरोब्बर घशावर.

बापूंनी ठराव वाचला. "कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या मागे वळल्या, मला शोधलं आणि म्हणाल्या, "गुरवकाका, तुम्ही एकदा जवळ येऊन बघा. तुमची जागा नीट आलीय ना?"

अख्खा मंडप माझ्याकडे बघायला लागला. मी उठलो. नकाशापर्यंत चालत गेलो. काळा चौकोन माझ्या डोळ्यांच्या समोर होता. एक वाक्य बोलायचं होतं.

मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो असं आजपर्यंत स्वतःला सांगत आलो. देवीसमोर खोटे तांदूळ वाहिले हे गावासमोर कसं कबूल करायचं, म्हणून. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. त्या क्षणालासुद्धा माझ्या मनात दुसरं होतं. ही मुद्दाम सगळ्यांदेखत विचारतेय, असं होतं. हिला अंदाज आलाय, आता माझ्या तोंडून काढून घेतेय. मी बोललो की उद्या घशावर बोअर. खोंडवाडी आठवली. बाप आठवला. आणि मी नकाशाच्या हिरव्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"बरोबर आलीय," मी म्हणालो.

"आभारी आहे, काका," बाई म्हणाल्या.

मी जागेवर येऊन बसलो. शेवंती बायकांच्या रांगेतून माझ्याकडे बघत होती. तिने मान फिरवली.

काम झपाट्याने झालं. मनाची समजूत घालायला माणसाला कितीसा वेळ लागतो? पाणी आपली वाट काढतंच, मी म्हणायचो. एक भोक बुजलं तर काय सडा आटतो? मिरगाच्या आधीच्या अमावस्येला सवयीने वर गेलो. घशाच्या जागी पक्की खोली, दाराला कुलूप, आत यंत्रं घूं घूं करतायत. पावसाचं पाणी प्लेटांखाली साचू नये म्हणून चारी बाजूंनी सिमेंटची गटारं काढून पलीकडच्या उतारावर सोडलेली. मी मूठभर तांदूळ पायरीवर ठेवले. उतरताना मागे वळून पाहिलं. आमच्या घराण्यात ते कुणी करत नाही.

दिवाळीपर्यंत झरा ठीक होता. शिमग्याला धार मनगटाएवढी झाली. चैत्रात करंगळीएवढी. वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी शेवंती रिकामी कळशी घेऊन परत आली आणि काही न बोलता ती माझ्यापुढे ठेवली.

गावात घरोघरी लख्ख उजेड होता तेव्हा. रस्त्यावर दिवे. फुकटच्या विजेवर चालणारा नवा कोरा पंप झऱ्यावर बसवलेला, आणि त्याच्या नळीच्या तोंडाशी सुकलेला चिखल. लोक देवळात जमून बाईंना शिव्या घालत होते. प्लेटांनी पाणी शोषलं म्हणत होते. देवी कोपली म्हणत होते. "रत्नूदादा पहिल्यापासून सांगत होता, या बाईवर विश्वास ठेवू नका," बापू मांजरेकर सगळ्यांदेखत म्हणाले. "माणूस खरा ओळखला तो यानेच."

मी ते ऐकून घेतलं. मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, तरी ऐकून घेतलं.

बाई कळताच आल्या. एकट्याच. लोकांनी त्यांना झऱ्यावर घेरलं, वाटेल ते बोलले. एका बाईने रिकामा हंडा त्यांच्या पायाशी आपटला. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. पहिल्या दिवशीसारखा हात झऱ्यात घातला. बोटांना ओला चिखल लागला, तेवढाच. मग त्या राईकडे चालायला लागल्या. मी मागून गेलो. दुसरं कुणी आलं नाही.

किंजळाखाली डबकं होतं तसं होतं. पाला साचलेला, बेडूक बसलेला. बाई काठावर बसल्या.

"राईतलं एक पान हललेलं नाही, काका," त्या म्हणाल्या. "दोनशे पावलांत कुणी कुदळ मारलेली नाही. काम चालू असताना मी दर पंधरा दिवसांनी येऊन बघत होते. ठेकेदाराला वर्तुळातून वाट हवी होती, मी भांडून बंद केली. मग चुकलं कुठे माझं?"

चुकलं कुठे माझं, असं म्हणाल्या. त्या शब्दांनी माझा बांध फुटला. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. घसा, तुसं, बाप, खोंडवाडी, खोटे तांदूळ, ग्रामसभेतलं बोट. रडत रडत सांगितलं. साठीला आलेला माणूस मी, बायकोसमोर कधी रडलो नव्हतो.



"खोली पाडू आपण," बाई म्हणाल्या. "गटारं फोडू."

"पाडा. पण आत भराव ओतलाय, दगड नि सिमेंट. ते आत कुठवर उतरलंय देव जाणे."

ती खोली पुढे पाडली. घसा दोन हात उकरला, मीच उकरला. पावसात पाणी त्याच्यात उभं राहतं, आत जात नाही. आज तेरा वर्षं झाली. उन्हाळ्याचे तीन महिने टँकर येतो.

"का, काका?" त्या दिवशी डबक्याच्या काठावर बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी काय केलं होतं?"

"काही नाही. मला वाटलं, तुम्हीही त्यातल्याच."

त्यांनी मान हलवली. झोळीतून ती जाड पुठ्ठ्याची वही काढली आणि आमच्या गावाचं पान उघडलं. माझं नाव, त्यापुढे विश्वासाने हा शब्द. त्या ते खोडतील असं मला वाटलं. त्यांनी खोडलं नाही. नुसत्या बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"एकशे सात झरे, काका," त्या म्हणाल्या. "निम्म्या ठिकाणी काम सुरू झालंय. सगळीकडे कुणी ना कुणी असंच मला हाताला धरून घेऊन गेलं. कुणी नारळ फोडला, कुणी दिवा लावला, कुणी शपथ घेतली. मी सगळ्यांचं लिहून घेतलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी त्यांच्या डोळ्यांत आधी कधी पाहिली नव्हती, पण ती मला ओळखीची होती. ती माझीच होती. "तुम्ही सांगा. यातल्या किती जणांनी मला खरं सांगितलं असेल?"



बाईंनी वहीचं पहिलं पान उघडलं. गावाचं नाव वाचलं, दाखवणाऱ्याचं नाव वाचलं, आणि त्या माणसाचा चेहरा आठवत बसल्या. मग पान उलटलं आणि दुसरं वाचायला घेतलं.